बाळ निगेटिव्ह, पेढे वाटा!

अठरा महिन्यांच्या बाळाची शेवटची चाचणी निगेटिव्ह आली की आमच्या खोलीत सण असायचा. लॅबवाले दादा स्वतः रिपोर्ट घेऊन यायचे, सिस्टर दारातून डोकावायच्या आणि आई पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढायची. सोळा वर्षं मी एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची समुपदेशक होते. कंत्राटी. पुढच्या वर्षी आपला करार वाढणार की नाही या धाकात राहून दुसऱ्यांना धीर द्यायची नोकरी. त्या सोळा वर्षांत किती पेढे खाल्ले याचा हिशेब नाही, पण एका दुपारचा पेढा घशात अडकला तो अजून तिथेच आहे.

"बाळ सुटलं गं तुझं," मी त्या दुपारच्या आईला म्हणाले. ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, ते माझं अंगावरून जायचं काय थांबंना. मागच्या टायमाला बी बोलले होते." बोलली होती. त्याच्या आधीच्या खेपेलाही बोलली होती. मी तेव्हा मान हलवली होती आणि बाळाचं वजन लिहून घेतलं होतं. बाळाच्या वजनाला रकाना होता. तिच्या पांढरं जाण्याला नव्हता.

नाव सांगणार नाही. कायद्यानंही मला तो अधिकार नाही, आणि नाव सांगून उपयोगही नाही, कारण ती एकटी नव्हती.

या देशानं एड्सच्या बाबतीत बाईला आत यायला दोनच दारं ठेवली. एक वेश्येचं, दुसरं गरोदर बाईचं. पहिल्या दारानं आली ती रोगाचं मूळ, दुसऱ्या दारानं आली ती बाळाचं भांडं. मुळाचा बंदोबस्त करायचा आणि भांडं गळू द्यायचं नाही, एवढंच धोरण. या दोन दारांच्या मधे जी नुसतीच बाई उभी आहे, जिला ताप येतो, पाळी अडते, गर्भपिशवीच्या तोंडाला जखम होते, झोप लागत नाही, तिच्याकडे कुणी बघितलं? मी तरी नाही बघितलं. आधी स्वतःला चार शिव्या घालते, मग बाकीच्यांकडे वळते.

१९८६ पासून सुरू करू. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यातल्या सहा जणींच्या रक्तात भारतातला पहिला एचआयव्ही सापडला. काम मोलाचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण देशानं त्यातून काय अर्थ काढला? की रोग या बायकांपाशी आहे. अहो, ज्यांचं रक्त काढलं त्यांच्यातच तो सापडणार! गिऱ्हाइकांना रांगेत उभं करून सुई कुणी टोचली होती? त्या सहा जणींनी तो काही अंगणात पेरून उगवला नव्हता. कुणीतरी आणून दिला होता, पैसे मोजून. तो कुणीतरी पैसे मोजून झाल्यावर कुठे गेला, हा प्रश्न विचारायला आणखी काही वर्षं जावी लागली. तो घरी गेला होता.

तो घरी गेला होता याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे. १९९३ ते ९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांची तपासणी झाली. त्यांतल्या ५२५ जणी देहविक्री करणाऱ्या, त्यांच्यात जवळपास निम्म्या बाधित निघाल्या. हे कुणालाही धक्कादायक वाटलं नाही. उरलेल्या ३९१ जणी तो व्यवसाय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाची सावली न घेतलेल्या. त्यांच्यात १३.६ टक्के बाधित. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हेच गंगाखेडकर २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत रोज टीव्हीवर दिसायचे आणि सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. पण त्यांनी १९९७ मध्येच सांगून ठेवलेली गोष्ट, की लग्नाच्या बाईला तिचा नवराच धोक्याचा आहे, ती काही महाराष्ट्राच्या कानात शिरली नाही. कशी शिरेल? हळदीकुंकवाला वाण म्हणून निरोध वाटायची आपली तयारी आहे का?

सरकारी कागदांची भाषा तर बघण्यासारखी आहे. देहविक्री करणाऱ्या बायका, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईनं नशा करणारे हे 'अतिजोखमीचे गट'. ट्रकवाले आणि स्थलांतरित मजूर हे 'ब्रिज पॉप्युलेशन'. म्हणजे पूल. पुलाच्या पलीकडे कोण? तर 'सर्वसामान्य लोकसंख्या'. पुरुष हा पूल आहे, वा! पुलाला कधी दोष देतात का कुणी? वरून पाणी गेलं, खालून पाणी गेलं, पूल आपला जागच्या जागी उभा. आणि पलीकडच्या काठावर, घराच्या उंबऱ्यात जी उभी होती तिला वेगळं नावच नाही. ती सर्वसामान्य. तिला जोखीम नाही, कारण तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे.

आता माझ्या खोलीतली गंमत सांगते. गंमतच म्हणायची. बाईला दिवस गेले की नाव नोंदणीच्या वेळी हिमोग्लोबिन, साखर, कावीळ यांच्याबरोबर एचआयव्हीची चाचणी होते. चांगली सोय आहे, त्यामुळे हजारो मुलं वाचली. पण याचा अर्थ असा, की घरात पहिली सुई टोचून घेते ती सून. नवरा कधी पाळी चुकली म्हणून दवाखान्यात येत नाही. त्यामुळे पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट घरात येतो तो सुनेच्या नावानं, आणि आपल्याकडे जी आधी सापडते तीच गुन्हेगार. मग सासू माझ्यासमोर पदर तोंडाला लावून विचारणार, "हिनं कुठनं आणलं हे?" मी नवऱ्याला बोलवा म्हणाले की तो ऊसतोडीला गेलेला असतो, गाडीवर असतो, नाहीतर "त्याला कशाला, तो धडधाकट हाय." आला आणि त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला, तर लगेच निकाल, "बघा, हिनं त्याला पण लावला." एका खेपेला नवऱ्याचा सीडी फोर साठावर आलेला आणि बायकोचा सहाशेच्या वर. शरीरातल्या सैनिकपेशी कुणाच्या आधी संपत आल्या आहेत हे आकडेच ओरडून सांगत होते. आकड्यांवरून कोणी कोणाला दिला हे सिद्ध होत नाही, असं आम्हाला शिकवलेलं, आणि ते खरंही आहे. मी गप्प बसले. सासू मात्र गप्प बसली नाही. तिच्यासाठी सिद्ध झालं होतं.

२०१७ चा एचआयव्ही कायदा वाचा. २०१८ च्या सप्टेंबरात तो लागू झाला. त्यात जोडीदाराला कळवण्याचं कलम आहे आणि त्यातच अपवाद आहे, की कळवल्यामुळे, विशेषतः बाईला, मारहाण होईल किंवा टाकून दिलं जाईल अशी रास्त भीती असेल तर कळवू नये. म्हणजे संसदेलाही ठाऊक आहे की बायकोनं नवऱ्याला खरं सांगितलं तर काय होतं. नवऱ्यानं बायकोला सांगितलं तर काय होतं? ती त्याचं पथ्यपाणी करते. मी सोळा वर्षं तेच पाहिलं. त्याच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ, तिच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या.

आणि ही लागण बाईला होते तीही काही योगायोगानं नाही. शरीराची रचनाच तिच्या विरुद्ध आहे. आतल्या अस्तराचा पसारा मोठा, वीर्य तिथे बराच वेळ राहतं, आणि त्यात विषाणू असतो भरपूर. तिला आधीचा एखादा गुप्तरोग असला तर तो बहुतेक वेळा कळतच नाही, कारण पुरुषाला बाहेर दिसतं आणि तिला आत. कोवळ्या मुलीच्या पिशवीच्या तोंडाचं अस्तर नाजूक, लवकर फाटणारं. सोळाव्या वर्षी लग्न लावून देणाऱ्या बापानं हे समजून घ्यावं, पण त्याला मुहूर्ताची घाई असते. जबरदस्ती झाली तर जखमा होतातच. आणि बायकोला अठरा पूर्ण झाली असली, तर नवऱ्याच्या जबरदस्तीला कायद्याच्या पुस्तकात बलात्कार म्हणून जागाच नाही, तेव्हा त्या जखमा कुठल्या पानावर लिहायच्या?

आता नेव्हिरॅपिन. हे नाव मी विसरू शकत नाही. २००६ मध्ये मी कामाला लागले तेव्हा पद्धत अशी होती, की कळा सुरू झाल्या की बाधित आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी द्यायची आणि जन्मलेल्या बाळाला तीन दिवसांच्या आत त्याचे थेंब पाजायचे. एक गोळी. त्यानं बाळाचा धोका पुष्कळ कमी व्हायचा, यात शंका नाही. आईचं काय? आईचा सीडी फोर दोनशेच्या खाली आला की मग ये. मोफत औषधं २००४ च्या एप्रिलपासून देशात सुरू झालेली होती, पण ती पुरेशी आजारी पडेल तेव्हा. आज ती आजारी नाही, आज ती बाळंत झाली आहे, घरी जा.

बरं, त्या एका गोळीचा हिशेबही तिच्याच खात्यावर. एकच मात्रा पोटात गेली की विषाणू त्या औषधाला सरावू शकतो. आणि पुढे आईला उपचाराची पाळी आली की सुरुवातीला मिळणाऱ्या गोळ्यांत कोण? तेच नेव्हिरॅपिन. बाळाच्या नावानं दिलेल्या गोळीनं आईचं औषध बोथट करून ठेवलेलं. हे जगाला माहीत होतं, त्यावर शोधनिबंध छापले जात होते, परिषदा होत होत्या. माझ्या खोलीत मात्र फळ्यावर एक हसरं बाळ चिकटवलेलं होतं. भारतात गरोदर बाईला सीडी फोर न बघता आयुष्यभराची औषधं द्यायचा निर्णय अमलात आला २०१४ च्या जानेवारीत. मधल्या वर्षांत ज्या बायका एक गोळी घेऊन घरी गेल्या, त्यांतल्या काही परत आल्या. स्ट्रेचरवरून.

कार्यक्रमाचं नाव मात्र किती सभ्य ठेवलेलं! जगात 'आईकडून बाळाला' म्हणत होते, आपण 'पालकांकडून बाळाला' म्हटलं, आईला दोष लागू नये म्हणून. छान. नावात बापाला घेतलं, रांगेत कधी आणलं नाही.

एवढ्यात कुणीतरी म्हणणार, ताई, आता दिवस बदलले. बदलले ना. रोज एक गोळी, फुकट. २०१७ पासून चाचणी पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू, सीडी फोरची वाट बघायची नाही. गोळ्या नीट घेतल्या आणि विषाणूची पातळी दिसेनाशी झाली, की त्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. ज्या मोठ्या अभ्यासानं हा पाया घातला त्याच्या केंद्रांत पुण्याची 'नारी', म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. माझ्या हातून गेलेल्या बायका आज नातवंडं खेळवत आहेत. मला याचा आनंद नाही असं म्हणणारा खोटा. पण मरणातून वाचवलेल्या बाईचं जगणं कसं चाललंय, हे बघायचं कुणाच्या टेबलावर आहे?

पिशवीच्या तोंडाचा कर्करोग घ्या. ज्या विषाणूमुळे तो होतो, तो एचपीव्ही, बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. एचआयव्ही असेल तर तो चिकटून बसतो आणि जखम लवकर पुढे सरकते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, एचआयव्ही असलेल्या बाईला हा कर्करोग होण्याचा धोका सहापट. म्हणून तिची तपासणी तिसाव्या नाही, पंचविसाव्या वर्षापासून, आणि दर तीन ते पाच वर्षांनी. आता आपल्याकडचं बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या बायकांत आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या.

आणि हे कुठल्या देशात? ज्या देशातल्या, ज्या महाराष्ट्रातल्या बायकांनी ही तपासणी जगाला शिकवली त्याच देशात! तेव्हाच्या उस्मानाबादच्या खेड्यापाड्यांतल्या १ लाख ३१ हजारांवर बायकांवर अभ्यास झाला. २००९ मध्ये तो छापून आला आणि जगाला कळलं, की एचपीव्हीची एकच चाचणी केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं दीड लाख बायकांवर व्हिनेगर लावून बघायची साधी पद्धत तपासली, मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगर! चायनीजच्या गाडीवर असतं ते. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवला होता, त्यावरून परदेशांत मोठं वादंग झालं, ते निराळं प्रकरण आहे आणि त्यावर बोलायला लागले तर हा लेख संपायचा नाही. एवढंच म्हणते, की त्या बायकांनी पाय फाकवून जगाला ज्ञान दिलं. त्यांच्या लेकीसुना एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, दर महिन्या-दोन महिन्यांनी गोळ्यांची बाटली न्यायला येतात. वजन होतं, रक्तदाब होतो, क्षयाची लक्षणं विचारतात. ते विचारायलाच हवं, क्षयच यातला मोठा मारेकरी आहे. "टेबलावर झोप, आतून बघू" असं माझ्या केंद्रात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. स्त्रीरोग विभाग त्याच आवारात, पन्नास पावलांवर. त्या पन्नास पावलांवर चिठ्ठी घेऊन गेलेल्या एका बाईला "सगळ्यांत शेवटी घेऊ, नंतर खोली धुवावी लागते" असं ऐकवलं गेलं. ती पुन्हा गेली नाही. गेली ती खासगीत, आणि तिथे पांढरं जातंय म्हटल्यावर डॉक्टरनं पिशवीच काढून टाकली. चाळिशीच्या आत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या पिशव्यांवर २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला होता! पिशवी तपासायला वेळ नसतो, कापायला असतो.

हा आंधळेपणा आपलाच मक्ता आहे असंही नाही. अमेरिकेत १९९३ पर्यंत एड्सची सरकारी व्याख्याच पुरुषांच्या शरीरावरून बेतलेली होती. बायकांना होणारे आजार यादीत नाहीत, म्हणून त्यांना एड्स नाही, म्हणून त्यांना अपंगत्वाचा भत्ता नाही. बायका मरायच्या, पण व्याख्येत बसायच्या नाहीत. कॅट्रिना हॅस्लिप नावाची तुरुंगात राहून आलेली बाई त्यासाठी भांडली. १ जानेवारी १९९३ ला पिशवीच्या तोंडाचा कर्करोग यादीत घुसला. हॅस्लिप त्याच्या आधीच्या महिन्यात वारली.

नवऱ्यांचाही एक नमुना सांगायलाच हवा, सासवांवर सगळं ढकलून चालणार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं पुण्याच्या एका नवऱ्याचं अपील फेटाळलं. बायकोला एचआयव्ही आहे, मला घटस्फोट द्या, असं त्याचं म्हणणं. कौटुंबिक न्यायालयात २०११ मध्ये हरला होता, तरी अकरा वर्षं हेच धरून बसला. कागद बघितले तर बायकोच्या रक्तात विषाणू नाहीच. म्हणजे रोग नसला तरी चालतो, नुसता शब्द पुरतो. बाईला घराबाहेर काढायला इतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही. आणि रोग खरा असला, नवरा मेला, तर? सहा राज्यांतल्या पाहणीचा २००६ चा अहवाल आहे. एचआयव्हीनं विधवा झालेल्या दहांतल्या जवळपास आठ जणींना नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा नाकारलेला होता. रोगाचा वाटा मात्र मिळाला होता, बिनबोभाट.

२०२४ मध्ये एक बातमी वाचून मी खुर्चीत ताठ बसले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात दोन हजारांवर तरुण मुलींना लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी दिलं आणि त्यांच्यात एकही लागण झाली नाही. शून्य. गोळी लपवायला नको, नवऱ्याची परवानगी नको, निरोधासाठी विनवणी नको. वर्षाकाठी दोन सुया. भारतीय कंपन्या ते स्वस्तात बनवणार आहेत. मी लगेच विचार केला, माझ्या तालुक्यातल्या बाईला हे कसं मिळेल? तिला आधी यादीत यावं लागेल. यादीत यायला जोखीम दाखवावी लागेल. आणि तिची जोखीम रोज संध्याकाळी गाडी लावून घरी येते, हातपाय धुते आणि ताटावर बसते. ती फॉर्मवर काय लिहील?

नोकरी सोडल्यावर मागच्या वर्षी जुन्या खोलीत गेले होते. फळ्यावरचं बाळ आता रंग उडून पिवळं पडलंय. माझ्या जागी एक पंचविशीची मुलगी आहे, हुशार, पटापट टाइप करणारी. समोर माझ्याच काळातली एक बाई बसलेली, सत्तेचाळीसची असेल. मला ओळखून हसली. तिच्या मुलाचे पेढे मी खाल्ले होते, तो आता डिप्लोमाला आहे. मुलीला सांगत होती, "पाळी कधीची थांबलीय, पण रात्री अंगाची लाही होती. हाडं ठणकत्यात. झोप न्हाई. आणि परवा थोडं लाल गेलं."

पाळी थांबल्यावर लाल जाणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मुलीला ठाऊक नसावं. तिनं स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत शोधलं, माऊस दोनदा फिरवला, मग शेवटच्या चौकोनात 'इतर' निवडलं आणि विचारलं, "गोळ्या वेळेवर घेताय ना, मावशी?"

मी मावशींचा हात धरला आणि त्यांना घेऊन पन्नास पावलं चालत गेले. स्त्रीरोग विभागाची ओपीडी बारा वाजता बंद झाली होती.